जिंतूरपर्यंत टिकेल असं बूच

आश्विन शु. ८
सकाळपासून मोटारीखाली. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचं बूच काढून जुनं तेल सोडलं. काळंभोर, डांबर परवडलं. खाली आईची परात लावली होती. आईला अजून पत्ता नाही.

जिंतूरची तयारी आत्तापासूनच केलेली बरी. बायको य. आणि पोरगी तिकडेच, तिच्या माहेरी आहेत. पोरीला पाचवा महिना लागतोय, कार्तिक शुद्ध पंचमीला दोघींना परभणीला आणायचं ठरलंय. बारशाच्या दिवशी सासरे भर पंगतीत बोलले ते डोक्यातून जात नाही. "जावाईबापू, पंचमीला तुमची मोटार माझ्या लेकीला घिऊन नीट घरी पोचली, तर त्या डबड्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढणार न्हाई. वाटंत बसली, तर इकून टाका अन् हिकडं या. जमीन हाय, वाडीला माणूस पायजे." पंगत हसली. मीही मोठ्या तोऱ्यात "कबूल" म्हणून बसलो. य. दाराआड उभी होती, ती तेवढी हसली नाही.

मोटार गेली की मी सासऱ्यांचे बैल मोजायला मोकळा. घरजावई आणि वर गोठ्याचा कारभारी.

नवं तेल भरायचं म्हणून बूच बोटांनी दोन फेरे बसवलं आणि पाना घ्यायला वळलो, तर पाने गायब. आईनं घरातलं झाडून सगळं लोखंड उचललेलं. विळी, खुरपं, कात्री, पक्कड, हातोडी, माझे सगळे पाने. राखेनं घासून देवापुढच्या पाटावर ओळीनं मांडलेले. उद्या खंडेनवमी.

"आई, एकच पाना दे. एक मिनिटाचं काम हाय."
"एकदा पाटावर मांडलं की दसऱ्याची पूजा हुस्तर हात लावायचा न्हाई."
"बूच अर्धवट ऱ्हायलंय."
"मग आधी करायचं होतं. अन् माझी परात कुठाय?"
इथं मी विषय सोडला.

शु. ९
पूजा यथासांग. मोटारीच्या नाकाडावर झेंडूची माळ, काचेवर हळदीकुंकवाची बोटं. पान्यांनाही फुलं वाहिली. बारा नंबरच्या पान्यावर एवढं कुंकू की खून झाल्यासारखा दिसतो.

बूच तसंच.

शु. १०, दसरा
आजचा दिवस नीट लिहिला पाहिजे, नाहीतर पुढं मामा नाकबूल जाईल.

मामा सोनपेठहून सकाळी आला. आईचा धाकटा भाऊ, एकेकाळी आखाडा गाजवलेला. कुस्ती सुटली तरी दंड अजून तसेच. सीमोल्लंघनाला गल्लीतली सगळी मंडळी मोटारीतून जाणार म्हणून नटूनथटून दारात उभी. आईनं पाटावरचं लोखंड मोकळं केलं. मी पाना घेतोय तोवर मामानं तो हिसकावून घेतला, नवं धोतर खोचलं आणि मोटारीखाली शिरला.

"मामा, आधी मला बघू दे. बूच बोटानं लावलंय, वाकडं चढलं असंल."
"गाड्याच्या चाकाची खीळ ठोकतो मी दगडानं. ह्ये तर एवढुसं बूच. घट्ट केलं की झालं."
"जरा सैल करून परत..."
"दसऱ्याला सैल करत न्हाईत रं भाच्या."

बूच जड जातंय म्हणाल्यावर त्यानं पान्याच्या दांडीत लोखंडी नळी घातली आणि पाय भिंतीला लावून ओढली. कट् असा आवाज आला. खालून विजयी आवाजात, "बसलं!" मग तोच आवाज, पण बारीक. "भाच्या, आता ह्ये कसं काय नुसतंच गरागरा फिरायलंय?"

आटे गेले. बूच वाकडं चढलेलं, तसंच रेटलं. चेंबरच्या भोकातले आटे कापसासारखे पिंजून निघाले.

गल्ली पायी सीमोल्लंघनाला गेली. सोनं देताना प्रत्येकानं न चुकता मोटारीची चौकशी केली. मी सगळ्यांना हसून दाखवलं. घरी येऊन मात्र ओसरीवर नुसता बसून राहिलो. राग मामाचा येईना, आईचाही येईना. वाईट वाटत होतं ते जिंतूरचं.

शु. ११
मामा आज सोनपेठला परतणार होता. नाही गेला. "माझ्या हातनं झालंय, मीच निस्तरून जातो," म्हणाला. आईनं त्याला शिव्या दिल्या आणि मग पुरणपोळी वाढली.

गल्लीत एकूणएक माणूस मोटारीचा वैद्य निघाला. शेजारच्या काकूंचा उपाय: लाख वितळवून भोक बुजवा. मी म्हणालो, तेल तापलं की लाख आणखी एकदा वितळेल. काकू म्हणाल्या, मग तापू देऊ नका. एकानं सांगितलं, कापसाचा बोळा डांबरात बुडवून ठासा. मामाचं म्हणणं, लाकडाची खुंटी. जुन्या बाभळीचा तुकडा शोधून दिवसभर ओसरीवर तासत बसला. खुंटी सुरेख झाली, खोटं कशाला बोलू. आता दोन दिवस तेलात भिजत घातलीय.

शु. १३
खुंटी ठोकून बसवली, तेल भरलं. थेंब नाही!

शु. १४
पोखर्णीला जाऊन आलो. म्हणजे गेलो मोटारीनं.

आईचा नवस होता नृसिंहाला, शिवाय खुंटीची परीक्षा. आई मागं, मामा माझ्याशेजारी छाती काढून. जाताना मोटार अशी गुळगुळीत धावली की मामानं वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला हात केला, ओळखीचा असो नसो. दर्शन झालं, नारळ फुटला. परतीच्या वाटेवर मी सहज मागं वळून बघितलं तर रस्त्यावर काळी रेघ. लगेच इंजिन बंद. खाली वाकलो तर खुंटी जागेवर नाही. तापलेल्या तेलानं लाकूड कुठं आवळलं, कुठं सुटलं, देव जाणे. इंजिन वाचलं ते मान वळवली म्हणून.

कापसाची गाडी परभणीकडं चालली होती, तिच्यामागं मोटार दोरानं बांधली. आई गाडीत कापसावर जाऊन बसली. "ह्ये ब्येस हाय बाई, हादरे न्हाईत," म्हणाली. मामा मोटारीत एकटाच, आता कुणाला हात करत नव्हता.

वद्य १
बातमी आमच्या आधी जिंतूरला पोचली. तिकडून आलेला एक उतारू स्टेशनावर भेटला. "तुमचे सासरे आबासाहेब इचारत होते, जावाईबापूनं मोटारीला बाभळीचं बूच लावलं ते खरं हाय का. म्हणले, मग बैलच का लावत न्हाईत?"

हसू आलं आणि रागही आला. बोलणं झोंबतं, कारण माणूस मजेशीर बोलतो.

वद्य ३
अखेर कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या अहमद मिस्त्रीकडं गेलो. आधीच जायला हवं होतं, पण त्याच्या तोंडाची भीती वाटते. गावातलं कुठलंही यंत्र असो, "मैंच बनाया" म्हणतो. स्टेशनावरच्या घड्याळाबद्दलसुद्धा.

बूच हातात घेऊन त्यानं उन्हात धरलं. "क्या मियां, इसकू कुस्ती खिलाए क्या? कौन पहलवान था?"
मी मामाकडं पाहिलं. मामा आभाळाकडं.

इलाज त्यानं सांगितला तो असा: भोक एक माप मोठं करायचं, त्यात टॅपनं, म्हणजे आटे कापायच्या हत्यारानं, नवे आटे पाडायचे आणि त्या मापाचं नवं बूच लेथवर काढायचं. पण दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम सुरू, यंत्रांची सफाई चाललीय, फुरसत नै. मी गयावया केली. पंचमीची, सासऱ्यांची सगळी हकिकत सांगितली. मिस्त्रीचा चेहरा बदलला. "मेरे बी सुसरे ऐसेच हैं." लगेच तयार. मजुरी काय म्हणालो तर म्हणाला, पैशाचं बघू, पण काम झाल्यावर मला पुढं बसवून स्टेशनापासून बाजारापर्यंत न्यायचं, भोंगा वाजवत. त्याचे साले राहतात तिथं जरा हळू.

वद्य ६
आज आटे पाडले.

अंगणात मोटारीखाली माणूस बसेल एवढा खड्डा मामानं खणला. तुळशीच्या इतका जवळ की आई दिवसभर हातात काठी घेऊन राखण करत होती. मिस्त्री आत उतरला. टॅपला भरपूर ग्रीस फासलं, म्हणजे कीस त्यालाच चिकटतो, चेंबरमध्ये जात नाही. आणि बोलणं सुरू. हैदराबादला अमक्या नवाबाची गाडी कशी दुरुस्त केली, तमक्या साहेबानं पाठ कशी थोपटली. बोलता बोलता मिस्त्रीचं तोंड एकदम बंद झालं.

आम्ही वर तिघं. तिघंही खड्ड्यावर वाकलो.

"टॅप अटक गया," खालून आलं. तिरका गेला होता. जोर लावला तर टॅप तुटणार, आणि तुटलेला तुकडा भोकात राहिला की चेंबरच भंगारात. मामा न राहवून म्हणाला, "मी लावू का हात?" मिस्त्री, आई आणि मी एकदम ओरडलो, "नको!"

मग मिस्त्रीनं हळूहळू उलटा फिरवत टॅप काढला, पुसला, मला समोरून डोळा लावून बघायला बसवलं. सरळ आहे का, डावीकडं, थोडं, हां. अर्धा फेरा पुढं, जरासा मागं. पुन्हा अर्धा पुढं. घामानं त्याची दाढी निथळत होती. टॅप पार गेला तेव्हा मी आनंदानं मामाला मिठी मारली आणि मिस्त्री वर येऊन म्हणाला, "देखा? बाएं हात का खेल."

दोनदा घासलेट ओतून चेंबर धुतलं. खाली आलेल्या घासलेटात चमचमणारा कीस होता, तिसऱ्यांदा धुतलं तेव्हा नितळ आलं.

वद्य ९
बूच तयार. लोखंडाचं, देखणं, पण डोकं इतकं मोठं की माझा एकही पाना लागेना. जिनिंगच्या यंत्राचा पानाच हवा. मिस्त्री म्हणाला, बसवून देतो, पाना मात्र देणार नाही, हंगामात रोज लागतो. म्हणजे वाटेत सैल झालं तर माझ्या हातात काही नाही. सांगितलं तर म्हणतो, "मेरा बिठाया हुआ ढीला होताच नै."

खाली तांब्याचा वायसर लागतो. हंड्याचं जुनं झाकण आईकडनं मागून घेतलं. तांबटानं चकती कापली, लाल होईतो तापवून पाण्यात टाकली, म्हणजे मऊ पडते आणि दाबली की बसते. मामानं चकती हातात घेतली, दोन बोटांत वाकवून बघावीशी वाटत होती त्याला. मी ओळखलं. काढून घेतली.

वद्य ११
बूच बसलं, तेल भरलं, गावाबाहेर मैल-दोन मैल फिरवून आणली. गरम गाडीखाली माझं धुतलेलं पांढरं उपरणं पसरून ठेवलं. आम्ही तिघं त्या उपरण्याभोवती सुतक आल्यासारखे बसलो. सांजवात झाली तरी उपरणं पांढरं.

मिस्त्रीची मिरवणूक झाली. साल्यांच्या दारापुढं मोटार एवढी हळू नेली की बंदच पडली. त्याला त्याचं काही वाटलं नाही. उलट अधिक वेळ दिसला.

वद्य १३
मामा आज सोनपेठला गेला. त्याची स्वतःची दिवाळी आहे, बायकापोरं वाट बघतायत. निघताना मोटारीच्या चाकाला हात लावून नमस्कार केला. "काय झालं ते कळीव रं. मला झोप लागायची न्हाई." मामाइतका माझ्या मोटारीला जीव लावणारं दुसरं कुणी नाही, य. सोडून. आणि य.चंही खरं सांगायचं तर मला माहीत नाही. बारशानंतर ती या विषयावर अवाक्षर बोललेली नाही.

कार्तिक शु. १, पाडवा
आईनं ओवाळलं. ओवाळणी घातल्यावर म्हणाली, "पंचमीला घरी ये. मोटारीनं ये, गाडीनं ये, पर नातीला घिऊन ये." उपरणं रोज बघतो. पांढरं.

शु. ४, जिंतूर
बिनघोर पोचलो. वाटेत चारदा थांबून खाली वाकलो, चारही वेळा कोरडं.

पोरगी केवढी झालीय! मिशीला धरून लोंबकळली. य. भाऊबिजेचं नवं लुगडं नेसून आली, तेजस्वी दिसत होती, अंगानं भरलीय. मला एवढं भरून आलं की मी तिला बुचाचीच गोष्ट सांगत बसलो. तिनं ती शेवटपर्यंत ऐकली.

सासरे मोटारीभोवती फिरले. कंबरेत वाकून खालीही पाहिलं. "लोखंडाचं हाय म्हणायचं ह्या वक्ती." जेवताना आग्रह करकरून लाडू वाढले. वाकडं बोलतात पण हात सढळ. मग म्हणाले, "सामान मोटारीत मावायचं न्हाई. पाळणा, डिंकाचे डबे, बाजरीचं पोतं. आमची गाडी पहाटंच सोडतो. मी बी येतो संगं, सामानाची राखण." सामानाची राखण कसली, मागं राहून बघायचंय. वाटेत मोटार उभी दिसली आणि त्यांची गाडी घुंगरं वाजवत पुढं गेली की संपलंच. गावभर तीच गोष्ट सात पिढ्या.

शु. ५, बोरीच्या पुढं, लिंबाखाली
गुडघ्यावर वही ठेवून लिहितोय. हात तेलकट आहे, पानाला डाग पडले.

सकाळी ऊन वर आल्यावर निघालो. सासूबाई दही-साखर हातावर घालून रडल्या. य. रडली नाही. पोरगी इंजिनच्या घरघरीत जी झोपली ती झोपलीच. बोरीच्या अलीकडं सासऱ्यांची गाडी गाठली. मी भोंगा वाजवला, बैल बुजले, सासऱ्यांनी पागोटं सावरत हात केला. आम्ही पुढं. मी शीळ घातली. शीळ घालायला नको होती.

पुढं चढावर सवयीनं थांबून खाली वाकलो. बुचाखाली ओलं. बघता बघता थेंब जमला आणि पडला. मग दुसरा. वायसरच्या कडेनं पाझरतंय. पाना नाही. हातानं फिरत नाही.

इंजिन बंद केलं तशी पोरगी जागी झाली आणि गाव गोळा होईल असं रडायला लागली. तेल मोजायच्या सळईवर तेल पुरेसं आहे. थेंबाथेंबानं परभणी गाठता येईल, डब्यात अजून आहे. पण बूचच निसटलं तर? तेल एका घटकेत सांडेल, इंजिन आवळेल, मग विकायलाही काही राहणार नाही. गार होऊ दिलं तर पाझर थांबेल, पण तोवर मागून गाडी येणार. डोकं धरून लिंबाखाली बसलो. य.ला म्हणालो, गार होऊ दे, तुझे बाबा पुढं गेले तरी चालेल, जीव मोठा की मोटार?

य.नं पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं, पदर खोचला आणि सरळ मोटारीखाली वाकली. बूच बोटानं चाचपलं. बोट लुगड्याला पुसलं. भाऊबिजेचं नवं लुगडं!
"ओलं हाय. वाहत न्हाई."
"पर निसटलं तर?"
"निसटलं तर बघू." मग माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "तुमी पंगतीत कबूल म्हणलात, तवा मला इचारलं होतं का? मोटार इकली तर तुमी जिंतूरला याल. अन् मी? मी पुन्हा बापाच्या घरात, त्येंच्या शब्दात. मला तिथं जायचं न्हाई. मला परभणीत ऱ्हायचंय, तुमच्या घरात. मोटार असली तर मोटारीत, नसली तर चालत. पर हितं बसून त्येंची वाट बघायची न्हाई."

बारशापासून मला वाटत होतं पैज माझी आहे. लाज वाटली, आणि मग असं बरं वाटलं की सांगता येत नाही. बायको माझ्या बाजूला आहे हे मला लग्नाला तीन वर्षं झाल्यावर लिंबाखाली कळलं.

डब्यातलं तेल ओतून झालं. ते खाली चेंबरात उतरेपर्यंत एवढं लिहिलं.

मागच्या वळणावर घुंगरं ऐकू यायला लागलीत. य.नं पोरगी परत घेतली, सीटवर जाऊन बसली आणि आतून इंजिन फिरवायचं हँडल माझ्यापुढं धरलंय. "लिहिणं नंतर करा," म्हणते.